शेवटच्या नळाचा आकडा

प्रिय ताई,

खोका आधी उघडला असशील तर आतलं सामान तसंच राहू दे आणि हे वाच. पांढऱ्या पाकिटातल्या गोळ्या औषधाच्या नाहीत, खायच्या तर मुळीच नाहीत. ठमीचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी ठेव. तुझ्या पोरीचा हात कुठेही पोचतो हे मला माहीत आहे, तरी ठेव.

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय. पहिलं चार ओळींत संपलं, दुसरं फाडलं. मधे दोनदा खाली जाऊन आलो, नसलेली कामं करून आलो, धुतलेल्या बाटल्या परत धुतल्या. मंगळवारपासून हे असं चाललंय. बाबा म्हणायचे ना, या पोराच्या बुडाखाली कायम तापलेला तवा असतो. गॅरेज झालं, छापखाना झाला, गोदाम झालं, कुठे सहा महिने धड टिकलो नाही. शाळाही आठवीत सोडली ती अशीच, बसवेना म्हणून. पण ताई, ही जागा सोडावीशी वाटत नाहीये. पहिल्यांदाच. आणि नेमकी तीच आता राहील की नाही, कोण जाणे.

मी इथे काय करतो ते तुला अजून नीट कळलेलं नाही. ट्रेनिंग सेंटरात लागलो एवढं मी सांगितलं आणि तू गल्लीभर करून टाकलंस की आमचा भाऊ साहेबलोकांना शिकवतो. शिकवतात मॅडम. मी बादल्या भरतो. पिण्याच्या पाण्याचे नवीन नियम आलेत, ते पाळायचे कसे हे शिकायला दर आठवड्याला नवीन तुकडी येते. पाणीपुरवठ्याचे कारकून, आरोग्य खात्याचे सुपरवायझर, बाबांसारखे पंपवाले. तीन दिवस राहतात. पहिल्या दिवशी सगळे विचारतात चहा किती वाजता, दुसऱ्या दिवशी विचारतात सर्टिफिकेट कधी, आणि तिसऱ्या दिवशी एखादा खरोखरचा प्रश्न विचारतो. मॅडम म्हणतात, त्या एकासाठीच मी येते.

दुसऱ्या दिवशी माझं काम असतं. सकाळी मी सहा बादल्या भरतो. प्रत्येकीत क्लोरीन वेगळं, कुठे जास्त, कुठे बेताचं. प्रत्येकाने नळीत पाणी घ्यायचं, गोळी टाकायची, हलवायचं. क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं. जितकं जास्त, तितकं गडद. रंग कार्डाशी जुळवायचा आणि आकडा लिहायचा. पाइपाच्या शेवटच्या नळालासुद्धा निदान शून्य पूर्णांक दोन पाहिजे, नाहीतर ते पाणी पिण्याचं नाही. मला आता हे झोपेत विचारलंस तरी सांगीन. त्यातली चौथी बादली मॅडमची खोडी असते. तिच्यात नुसतं विहिरीचं कोरं पाणी. गोळी टाका, दोन टाका, रंग येणार नाही.

मंगळवारच्या तुकडीत अठ्ठावीस जण होते. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस जणांनी चौथ्या बादलीपुढे शून्य पूर्णांक तीन लिहिलं. मी डोळ्यांनी बघत होतो, नळीत पाणी काचेसारखं स्वच्छ. एक जण नळी खिडकीकडे धरून म्हणतो, "हलकासा आहे की गुलाबी." शेजारचा म्हणतो, "तुम्ही काय लिहिलंत? तीन? मग तीनच." मॅडमनी सगळे कागद गोळा केले, चाळले आणि विचारलं, शून्य लिहायला एवढी कसली भीती वाटते हो तुम्हाला? शेवटी एक दाढीवाले सुपरवायझर उठले, म्हणाले, "मॅडम, शून्य लिहिलं की वरून फोन येतो." मॅडम म्हणाल्या, "आणि तीन लिहिलं की?" ते म्हणाले, "मग कोणीच येत नाही." सगळा वर्ग हसला. मीही हसलो, ताई. बादली हातात घेऊन दाराशी उभा राहून अगदी खदखदून हसलो.

मग मॅडमनी दिवे घालवले आणि पडद्यावर एका वहीचं पान दाखवलं. म्हणाल्या, आता नोंद कशी असावी ते बघा. ही एका लहानशा ठिकाणची वही आहे, नाव झाकलंय. रोज तीन नाही, रोज पाच नाही. कधी तीन, कधी चार, मधेच दोन. आणि हे पावसाळ्याचे महिने बघा, पाणी गढूळ असतं, क्लोरीन लवकर खर्च होतं, म्हणून आकडा उतरलाय. हा माणूस रोज स्वतः शेवटच्या नळापर्यंत चालत जातो.

नावावर पांढरी पट्टी होती. पण पानाच्या कोपऱ्यात एक तपकिरी गोल डाग होता, पेल्याच्या बुडाएवढा. आणि तीनाच्या आकड्याला खाली लांब शेपूट. ती शेपूट काढली म्हणून मास्तरांनी मला किती वेळा उभं केलं होतं, आठवतं? आणि तो डाग पडला म्हणून बाबांनी दिवसभर तुझ्यावर तोंडसुख घेतलं होतं, पेला ठेवला होता त्यांनी स्वतःच. ताई, ते आपलं पान होतं. माझ्या हातातली बादली कधी कलंडली मला कळलं नाही. पहिल्या रांगेतल्या लोकांनी पाय वर घेतले. मॅडम म्हणाल्या, "अरे, लक्ष कुठे आहे?"

माझं लक्ष आपल्या घराच्या पायरीवर होतं. बाबांचा अंगठा पंपाच्या पट्ट्यात गेल्यावर त्यांना पेन धरवेना, म्हणून वही माझ्याकडे आली. मी बारा वर्षांचा होतो. पहिल्या दिवशी विचारलं, काय लिहू? बाबा म्हणाले, "लिही काहीतरी. वर बघणारे कुठे चाखून बघतात!" मला सगळीकडे सारखाच आकडा लिहायचा कंटाळा आला. रोज तोच आकडा दिसला तर कोणालाही संशय येईल एवढी अक्कल तेव्हाही होती. मग मी पायरीवर बसून समोरून जाणाऱ्या गाड्यांचे नंबर बघायचो. शेवटचा आकडा दोन ते पाच असला की तोच वहीत. पाचाच्या वर गेला की पुढची गाडी. बाबा म्हणायचे, पावसाळ्यात पाणी ब्लीचिंग पावडर खातं, म्हणून त्या महिन्यांत फक्त दोन आणि तीनवाल्या गाड्या धरायच्या. आठ वर्षं. आणि त्या गाड्यांचे नंबर आता सरकारी माणसं वहीत उतरवून घेत होती, पडद्याकडे बघून, मान डोलावत.

बाबांना मी लबाड म्हणत नाहीये, तसं वाचू नकोस. त्यांनी टाकीत पावडर टाकायची एक दिवस चुकवली नाही. ताप असताना गेलेत, आईला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हाही मधे जाऊन टाकून आलेत. रंगाच्या जुन्या डब्याने मोजून दोन डबे. त्यांच्या लेखी पाणी शुद्ध करणं म्हणजे ते दोन डबे, आणि वही म्हणजे नुसती कटकट. पण ताई, मी इथे शिकलो की पावडर उघडी राहिली की मरते. आपलं पोतं पंपाच्या खोलीत, त्या ओल्या भिंतीला टेकून, तोंड उघडं, महिनोन्‌महिने. नाकाला वास येतो पण अंगात दम नसतो. बाबा इतकी वर्षं कदाचित नुसता चुना टाकत असतील. आणि टाकीत थोडाफार दम उरला तरी तो तुझ्यापर्यंत कुठला पोचायला. तुझं घर पाइपाच्या अगदी शेवटी, उतारावर, आणि गटाराच्या कडेने जाताना तो पाइप दोन ठिकाणी पाझरतो, हे तुला आणि मला लहानपणापासून माहीत आहे. आपण तिथे कागदाच्या होड्या सोडायचो.

मंगळवारी संध्याकाळी मी फोन केला तो म्हणूनच. मी फक्त एवढंच म्हणालो की ठमीला पाणी उकळून दे, आणि तू हसलीस. "आता तू डॉक्टर पण झालास का?" म्हणालीस. मग सहज बोलता बोलता सांगितलंस की तिचं पोट या महिन्यात तिसऱ्यांदा बिघडलं, दात येत असतील. आणि त्याच दमात, वही भरायला मला वेळच मिळत नाही रे, मी तुझ्याच जुन्या वहीवरून मागच्या सालचा महिना उतरवते, तारीख तेवढी बदलते. मी काहीतरी बोलून फोन ठेवला. निघायच्या दिवशी मीच तुला शिकवलं होतं ना, तीनाच्या आसपास खेळत राहा म्हणून. म्हणजे तू तुझ्या स्वतःच्या नळापुढे तीन लिहितेस, पेन खाली ठेवतेस, आणि त्याच नळाचं पाणी पोरीच्या पेल्यात ओततेस. तुला दोष देत नाही. आकडे माझे आहेत.

बुधवारी आणखी एक गोष्ट कळली. जिन्याजवळ नवीन यादी लावलीय. ज्यांच्या दोन वर्षांच्या नोंदी चांगल्या, तिथे बाहेरचं पथक आता दर महिन्याला पाणी तपासायला जाणार नाही, वर्षातून एकदाच जाईल. यादीत वरून तिसरं नाव आपलं. मी तिथेच उभा राहिलो. झाडू घेऊन दोनदा त्याच जिन्यावरून खाली-वर केलं. एकदा वाटलं, गप्प बसावं. बाबांच्या नोकरीचं एक वर्ष राहिलंय, मानाने सुटतील. एकदा वाटलं, बॅग भरावी आणि इथूनही निघावं, तेवढं मला चांगलं जमतं. बॅग काढलीसुद्धा. मग तिच्यात काय भरायचं तेच सुचेना. सारखी ठमीच डोळ्यांसमोर येत होती, नळाला तोंड लावून पाणी पिणारी.

काल, शुक्रवारी, मी मॅडमच्या खोलीत गेलो. म्हणालो, ते पान माझं आहे. त्यांना वाटलं मी कौतुक मागायला आलोय. म्हणाल्या, "अरे वा, म्हणजे वडील पंपावर आहेत का?" मग मी कागद घेऊन तीन काढून दाखवला, शेपटीसकट, आणि गाड्यांचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाल्या, "तीन वर्षं मी ते पान दाखवतेय." एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी लिहून दिलंय की ते आकडे मी भरले. बाबांचं आणि तुझं नाव मी लिहिलं नाही, पण विचारतील, आणि विचारतील तेव्हा खोटं बोलू नका.

आता हे सगळं फोनवर का नाही सांगितलं ते ऐक. फोनवर सांगितलं असतं तर तू घाबरून बाबांना दिला असतास, आणि बाबांनी "बघतोच कोण येतं ते" म्हणत अख्खं पोतं टाकीत रिकामं केलं असतं. आपलं नाव मॅडमनी यादीतून काढायला लावलंय आणि पथक गुरुवारी तुमच्याकडे येतंय. आधी तुझ्याच नळाला येईल, पत्ता मी दिलाय. मी मॅडमना म्हणालो, मला मधले दिवस द्या. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, नियमात पथक यायच्या आधी वहीत आपणहून शून्य लिहिणाऱ्याला शिक्षा नाही, त्याला नवीन पावडर मिळते, पाइप तपासायला माणसं येतात. खोटा आकडा पथकाला सापडला तर मात्र वहीवाल्याची खैर नाही. आणि मग अगदी सहज विचारलं, तुमच्याकडे टपाल किती दिवसांत पोचतं? जुन्या पानांचं काय होईल ते त्यांनाही सांगता येत नाही. मलाही नाही. पण मंगळवारी हा खोका तुझ्या हातात पडेल आणि मधे दीड दिवस आहे. तेवढ्यासाठीच हे पत्र. बाबांना आज संध्याकाळी जेवायच्या आधी शेजारी बसव आणि पहिल्यापासून वाचून दाखव. चिडले तर चिडू दे, पुढे वाच. मग त्यांना घेऊन तुझ्या नळाशी जा. थोडं पाणी वाहू दे, खोक्यातली नळी रेघेपर्यंत भर, पाकिटातली एक गोळी टाक, झाकण लावून हलव आणि सोबतच्या रंगाच्या कार्डाशी धर. वही जवळ ठेव, जुनी नको, जी चालू आहे ती. पाणी गुलाबी झालं तर माझ्या नावाने हवं तेवढं हस. नाही झालं तर बाबांकडे बघू नकोस, शेजारच्या पानाकडे बघू नकोस. आजची तारीख घाल, आणि तिच्यापुढे तुझ्या हाताने शून्य लिही.

तुझाच,
भिंगऱ्या