मळई कुणाची

मामंजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवणारी या घरात आता मी एकटीच उरले आहे. परवा नातू मोबाइलवर शहराचा नकाशा दाखवत होता. आपलं गाव महापालिकेत, आणि महापालिका संपते इंद्रायणीपाशी. पलीकडे माझं माहेर, ते चाकणच्या कंपन्यांच्या गराड्यात. नातू रोज पूल ओलांडून तिकडे शिफ्टला जातो. हद्द कुठे लागते म्हणून विचारलं, तर म्हणाला, आजी, ट्रॅफिक जिथे तुंबतं तिथे. मी हसले खरी, पण नकाशावरची ती निळी रेघ काही डोळ्यांपुढून हलेना.

तुम्ही पोलीस पाटील होतात आणि हद्दींचा तुम्हाला भारी नाद. मी लग्न होऊन आले तेव्हा चावडीवर रोज राज्यांच्या वाटणीची चर्चा चालायची. शाळेचे गुरुजी पेपर वाचून दाखवायचे, कुठला जिल्हा कुणाकडे गेला, मुंबईचं काय होणार, गुजरात आपल्यातच राहणार की काय. जेवताना तुम्ही सासूबाईंना ते सगळं पुन्हा सांगत असायचात आणि मी चुलीपाशी बसून ऐकायची. तुम्ही म्हणायचात, पूर्वी शीव म्हणजे वडाचं झाड नाहीतर शेंदूर फासलेला दगड, जुन्या माणसाने बोट दाखवलं की झालं. मग इंग्रज साहेबाची मोजणी आली, साखळ्या ओढल्या, आणि सोपं पडतं म्हणून तालुक्याची हद्द नदीवर टाकली. अलीकडे हवेली, पलीकडे खेड. पण कागदावरची नदी जागची हलत नाही आणि आपली दर पुराला कूस बदलते, त्याला कोण काय करणार.

त्या बदलत्या नदीनेच मळई करून ठेवली होती. पात्राच्या मधोमध गाळाचा लांबट पट्टा, उन्हाळ्यात टरबुजं अशी धरायची की बघत राहावं. तुम्ही म्हणायचात ती आपली, आणि पलीकडून आबा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे ती त्यांच्या गावची. व्याही व्याह्यांच्या अंगावर काठ्या घेऊन गेले एके साली. दोघांचेही अर्ज मामलेदार कचेरीत पडून होते. त्या उन्हाळ्यात मला माहेरी धाडलं नाहीत, पुढे नागपंचमीलाही नाही. दोन काठांच्या भांडणात माझं मेलीचं जाणंयेणं बंद झालं.

गौरी-गणपती झाले, पाणी उतरलं, आणि एका सकाळी मी धुणं घेऊन नदीवर गेले तर दोन्ही काठांना माणसं उभी. मळईला एक बाई लागली होती. पुरात वाहून आलेली, कुणाच्याच ओळखीची नाही. माझ्याच वयाची असेल. हातात हिरवा चुडा तसाच होता. बेवारस प्रेत म्हणजे पंचनामा, फौजदाराच्या खेपा, गावाला ताप. आपली दोन माणसं छातीभर पाण्यात उतरली आणि त्यांनी वेळूच्या काठीने तिला पलीकडे लोटलं. मग पलीकडची उतरली, त्यांनी तिला इकडे लोटलं. असं दोनदा झालं. अलीकडून तुम्ही हाताने खूण करत होतात, पलीकडून आबा. मळई तुमचीच, असं आता तुम्ही दोघंही ओरडून सांगत होतात. मला आधी कळेचना.

कळलं तेव्हा माझ्या हातून धुण्याचं पातेलं खाली पडलं. डोईवरचा पदरही घसरला असेल, ते भान राहिलं नाही. मी सगळ्यांदेखत तुमच्या पुढ्यात येऊन उभी राहिले.

"मामंजी, टरबुजं असताना मळई आपली व्हती. मग आज ही बाई कुनाची? उद्या माहेराला जाताना मी वाहून गेले, तर मला कंच्या काठाला लोटाल?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग डोक्याचा पटका सोडलात, धोतर खोचलंत आणि त्या वयात स्वतः पाण्यात उतरलात. पटका तिच्या अंगावर पांघरलात आणि पलीकडे तोंड करून शांतपणे म्हणालात, "हद्द आमची हाय. बाई आमची हाय." आबा माणसं घेऊन घराकडे वळले.

सासूबाईंनी पेटीतलं कोरं लुगडं काढून दिलं. पंचनामा झाल्यावर गावाने तिला अग्नी दिला. पुढे कित्येक महिने तुम्ही ठाण्याच्या खेपा घालत होतात, लोक म्हणाले, पाटील बिलंदर, एक मढं जाळून मळई पदरात पाडून घेतली. पण त्यानंतर तुम्ही मळईत एक वेल लावला नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. अग्नी दिला त्याच संध्याकाळी ओसरीवरून मला तुमची हाक आली होती. मी दाराआड उभी राहिले. तुम्ही म्हणालात, "चारचौघांत पुन्यांदा तोंड उघडायचं न्हाई." मग खाली बघूनच म्हणालात, "घरात बोलत जा." तेव्हापासून बांधाचं असो की बैलाचं, आधी मला विचारलं जायचं. धाकट्या जावेला त्याचा राग यायचा, येऊ दे.

तुम्ही गेलात तेव्हा आबा आले होते. चार दिवस माहेरी चल म्हणाले. मी कामाची सबब सांगितली. माहेरी मी नंतरही जात राहिले, पण पाहुणीसारखी, आणि ते थकले तेव्हा त्यांच्या पायाशी बसूनही माझ्या मनातला तो काठ काही सुटला नाही. लोटलं तर तुम्हीही होतंत. तुम्ही थांबलात, म्हणून तुमच्यावरचा राग त्याच दिवशी गेला. आबांना थांबायला मी संधी तरी दिली होती का? माझा आवाज पलीकडे पोचला होता की नाही, हे ते जाईपर्यंत मी त्यांना कधी विचारलंच नाही. खरं सांगते मामंजी, हे पत्र त्यांनाच लिहायचं होतं. अजून हात धजत नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.