कोऱ्या फॉर्मवरची सही

मंगळवार, १४ तारीख

ति. दादास,
सा. न. वि. वि.

इतक्या रीतसर सुरुवातीवरूनच तू ओळखलं असशील, की मला काहीतरी सांगायचं आहे आणि धीर होत नाहीये. दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा वहिनीने उचलला आणि आम्ही तिच्या गुडघ्यांवर बोलत बसलो. म्हणून पत्र.

इकडे कॉलेजच्या अर्जांचे दिवस आहेत. शाळेतल्या माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर सकाळपासून आईबाप आणि मुलं बसलेली असतात, दोघांच्या मध्ये एक दप्तर. माझी पद्धत तुला सांगितली होती का? मी दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवते आणि एकच प्रश्नपत्रिका देते. मुलाने स्वतःबद्दल लिहायचं, आईबापांनी मुलाच्या वतीने. मग कागद अदलाबदल करायचे. एवढ्या वर्षांनंतरही त्या क्षणाला मी खुर्चीत पुढे सरकून बसते. कालच एका वडिलांनी मुलीच्या नावावर ‘शांत स्वभाव’ लिहिलं होतं. तिने लिहिलं होतं, ‘घरी कोणी बोलू देत नाही.’ वडील कागदाकडे बघत म्हणाले, “मॅडम, हा आमचाच कागद आहे ना?”

तुझी लेक गुरुवारी येऊन गेली. तूच पाठवलीस म्हणाली, “आत्याकडून फॉर्म भरून आण.” तू पाकिटात पाठवलेली उत्तरंही मिळाली. तुझं अक्षर अजून तसंच आहे, शाईत पाय बुडवून मुंगी चालल्यासारखं.

‘आवड’ या रकान्यात तू ‘वाचन’ लिहिलंस. तिने काय लिहिलं, माहीत आहे? ‘मुंग्या.’ मला वाटलं, चेष्टा करते आहे. तर ही पोरगी अर्धा तास मला सांगत होती, की तुमच्या गच्चीच्या कठड्यात दोन जातींच्या मुंग्यांची वारुळं आहेत, आणि मधल्या एका विटेवरून त्यांचं दोन वर्षं भांडण चालू आहे. तिची वही आहे त्याची. वहिनीच्या शिलाई मशीनच्या खणात ठेवलेली असते. मी विचारलं, “बाबांना दाखवलीस?” तर म्हणाली, “बाबा गच्चीवर पावडर टाकतील.”

टाकशील, मला माहीत आहे.

कीटकांचा अभ्यास शिकवणारं कॉलेज तिने शोधून ठेवलं आहे. दिवसभराच्या प्रवासाइतकं लांब. तिथल्या एका बाईंना पत्र लिहून वारुळाबद्दल प्रश्न विचारला आणि त्यांचं दोन पानी उत्तर आलं. ते तिने मला दाखवलं, हातात मात्र दिलं नाही.

मग तिने पसंतीक्रमाचा फॉर्म काढला. खाली तिची सही, शेजारी तुझी. वरचे पाचही रकाने कोरे.

“क्रम तू लिही आत्या, तुझं अक्षर चांगलं आहे. बाबा म्हणाले, जवळचं पहिलं घाल.”

“आणि तुझ्या मनात?”

“मनातलं कशाला? बाबांचं दोन गुणांनी हुकलं होतं. माझं चारने हुकेल.”

हसत म्हणाली. पण तिच्या उत्तरपत्रिकेत ‘भीती’ या रकान्यात हेच लिहिलेलं आहे. तुझ्या कागदावर त्या रकान्यात ‘काही नाही’ असं आहे.

दादा, माझ्या खोलीत भिंतीवर एक पाटी आहे. तू मागे आलास तेव्हा तिला हसला होतास. ‘कोऱ्या फॉर्मवर सही करू नये.’ तू म्हणालास, ही शाळा आहे की बँक? मीही हसले आणि चहा सांगितला. तेव्हाच सांगायला हवं होतं.

तुझा फॉर्म मी भरला होता, आठवतं? मी चौदाची, तू अठराचा. तुझ्या हातून डाग पडतात म्हणून तू आधी सही करून टाकलीस आणि क्रम मला चिठ्ठीवर लिहून दिलास. पहिलं, बंदराच्या शहरातलं जहाजबांधणीचं. दुसरं, घराजवळचं. तू सायकल घेऊन गेलास. मी पट्टी लावून पेन्सिलीने रेघा मारत होते, तेवढ्यात आपले बाबा शेजारी येऊन बसले. चिठ्ठी वाचली. म्हणाले, “जवळचं वर लिही.” मी म्हटलं, दादाने असं सांगितलं नाहीये. ते म्हणाले, “तो लांब गेला की परत येत नाही. तू लिही, बाळ.” आवाज चढवला नाही. चढवला असता तर कदाचित मी रडले असते आणि तुला कळलं असतं. मी लिहिलं. माझ्या सर्वांत सुंदर अक्षरात.

पहिल्या पसंतीचं मिळालं की यादीत खाली काय आहे ते कुणी बघत नाही. हे मी आता रोज दहा घरांना समजावते. तेव्हा आपल्याला कुणालाच ठाऊक नव्हतं. घराजवळच्या कॉलेजचं पत्र आलं, तुझं तोंड उतरलं आणि बाबा म्हणाले, “दोन-तीन गुणांनी हुकलं असेल.” ते ‘असेल’ पुढे कधी गळून पडलं, माहीत नाही. दोन गुण मात्र घरात राहायलाच आले.

या कामाला लागले तेव्हा शाळेच्या कपाटात जुन्या प्रवेशपुस्तिका सापडल्या. तुझं वर्ष काढून बघितलं. बंदराच्या शहरात शेवटी ज्याला घेतलं, त्याच्यापेक्षा तुला अकरा गुण जास्त होते.

तू हुकला नव्हतास, दादा. तुझं नाव त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही.

हे मला चौदा वर्षांपासून माहीत आहे. आधी वाटलं, बाबा गेल्यावर सांगू. ते गेल्यावर वाटलं, आता कशाला. तुझं पाणीपुरवठ्याचं ऑफिस, वहिनी, घर, सगळं चांगलं चाललेलं दिसत होतं. त्या दोन गुणांचा वारसा पोरीकडे जाईल, हे ध्यानात यायला हवं होतं. माझा तर धंदाच तो.

बाबांवर ढकलायला हे लिहीत नाहीये. पेन माझ्या हातात होतं.

तिचा फॉर्म मी भरलेला नाही. तुमच्या दोघांच्या सह्या असलेला तो कागद या पाकिटात परत पाठवते आहे, फाडायचा तर तू फाड. सोबत नवा कोरा फॉर्म आहे. २५ तारीख शेवटची. क्रम तिच्या हाताने लिहू दे, आणि आधी तिला हे पत्र वाचून दाखव. मी सांगितलं तर ती आत्याची जुनी गोष्ट होईल. तुझ्या तोंडून ऐकलं तर ती नीट विचार करेल. त्यानंतरही तिने जवळचं पहिलं लिहिलं, तर मी एक अक्षर बोलणार नाही. तिची मुंग्यांची वही एकदा मागून बघ, एवढंच.

एक प्रश्न मला इतकी वर्षं पडलेला आहे. माझ्या कागदावर तो नसतो, कारण मुलांना विचारता येत नाही. मिळालं असतं तर तू गेला असतास का? आणि परत आला असतास का? रागावलास तरी याचं उत्तर लिही. अक्षर कसंही असू दे, मी लावून घेईन.

वहिनीला नमस्कार. गच्चीवर पावडर टाकू नकोस.

हे पत्र सगळं लिहून झालं, दोनदा वाचलं, आणि मगच सही केली आहे.

तुझी,
धाकटी