होंडुरासच्या बसमधून उतरले

वॉल्ट,

गाडी मी नेलीय, शोधू नकोस. मी होंडुरासला गेले नाही. फादर यूजीननी सगळ्यांना आशीर्वाद दिला, मी विमानतळावर जाणाऱ्या चर्चच्या बसमध्ये बसलेसुद्धा. पण कॉलिनचं कालचं फोनवरचं बोलणं डोक्यातून जाईना. "तिकडच्या अनाथ मुलांना जवळ घे, आई. थोडी माया उरली तर माझ्यासाठी आण."

औषधांची पेटी बर्नाडेटकडे दिली. तीही नर्स आहे, मुलांचं अडणार नाही.

मी कॉलिनच्या खोलीवर चाललेय. तू त्याला घराबाहेर काढलंस, त्यावरून आज भांडत नाही. फक्त त्याला आधी कळवू नकोस. सूप फ्रीजमध्ये आहे, गरम करून घे.

त्यानं दार उघडलं तर फोन करते. नाही उघडलं, तर पायरीवर बसून राहीन.

मॅरियन