धडगावच्या चढावर अडखळणारी मोटार

२ डिसेंबर १९३८, शुक्रवार. शहादा.
म्हसावदच्या अलीकडे मोटार पुन्हा अडखळली. चार मैल तक्रार नाही, मग एकाएकी ठसका, गचका, पुन्हा ठसका. ड्रायव्हर उखाने उतरून टोपण उघडलं, कार्बुरेटरचं काहीतरी काढलं, फुंकलं, बसवलं. मग घरापर्यंत सुरळीत. उखा म्हणतो, बरी झाली. मी म्हणतो, दुखणं लपलं.
धडगावची सभा १८ ला. कार्तिकात याच मोटारीने घाटात राम म्हटला आणि मी पोचलो नाही. पाड्यापाड्यांतली माणसं भाकरी बांधून आली होती, दोन दिवस बसून परत गेली. आता सर्वांनी मिळून वेठ नाकारायची, असं ठरलं आहे. एकेकटे बोलले तर एकेकटे मार खातील. त्यांच्यातला वेस्ता पावरा निरोप सांगून गेला: या वेळी आला नाहीस तर पुन्हा बोलवणार नाही. तो रागावला असता तर बरं वाटलं असतं.
१७ ला संध्याकाळपर्यंत इथल्या कोर्टात साक्ष. दुसऱ्या दिवशी दुपारी धडगाव गाठायचं तर बैलगाडी उपयोगाची नाही. मोटारच.

४ डिसें., रविवार.
दिवसभर अंगणात मोटार. उखा लाकडी मुठीचा पेचकस एकेका प्लगला टेकवून त्याची ठिणगी तोडतो आणि कान देतो. जो तोडल्यावर आवाज बदलत नाही तो आळशी. चारही कामसू निघाले. तरी तिसरा प्लग बदलला, तारा बदलल्या.
उ. म्हणाला, "भाऊ, हाई आंगनमा शानी ऱ्हास. रस्तावर नखरा करस."
दुरुस्तीचं इंग्रजी पुस्तक पहिल्यापासून पुन्हा वाचायला घेतलं. सगळे रोग दिलेत, आमचाच नाही. पेट्रोलमधला कचरा? अशक्य. प्रत्येक डबा माझ्या डोळ्यांदेखत गाळला जातो. दुहेरी खादीतून, तीही माझ्या हातच्या सुताची. हे मी तीन सभांतून सांगितलं आहे.
सौ. म्हणाल्या, अंबालालभाईंना का विचारत नाही? सहा वर्षं त्यांनी चालवली.
ज्याने दसऱ्याला ही गळ्यात मारली त्यालाच विचारू?

६ डिसें., मंगळवार. सारंगखेडा.
घोड्यांच्या बाजाराच्या तोंडाशीच मोटार गचके देऊ लागली आणि बंद पडली. एक पांढरी घोडी बुजली. तिचा मालक, फेटेवाला म्हातारा, शांतपणे येऊन बॉनेटवर हात फिरवू लागला. "भाऊ, लेतांना हिना दात पाह्यात का?" सगळा बाजार हसला. मोटार ढकलत सभेच्या मंडपापर्यंत नेली. ढकलणारेही हसत होते.
सभेला तोबा गर्दी. विषय स्वदेशीचा, पण जीभ व्यापारातल्या सचोटीवर वळली. म्हणालो, याच गावचा एक पाटील, कपाळाला गंध लावून, दत्ताच्या पायरीवर हात ठेवून सांगतो की गाडी निर्दोष आहे, आणि एक मोडकं यंत्र देशकार्याच्या गळ्यात बांधतो. नाव घेतलं नाही. गरजच नव्हती. अंबालालभाई तिसऱ्या रांगेत होते. उठले, टोपी नीट केली, छत्री उचलली आणि माणसांतून वाट काढत गेले.
टाळ्या थांबेनात. गोड लागल्या, हे लिहून ठेवतो.

८ डिसें., गुरुवार.
शहादा ते म्हसावद आणि परत, तीनदा. पहिल्यांदा उत्तम. दुसऱ्यांदा उत्तम. तिसऱ्यांदा सहाव्या मैलावर ठसका. उ. ने फुंकलं, चालू. फिरणारी चकती, ठिणगीचे काटे, सगळं उघडून पाहिलं. मला एका विषयावर आठ-आठ दिवस वाचायची सवय आहे. विषयाने असं कधी नाचवलं नव्हतं.

११ डिसें., रविवार.
घाटाची परीक्षा. पहिल्याच चढावर, वळण संपायच्या आत, मोटार मेली. मागे सरकू लागली तेव्हा उ. ने उडी मारून चाकाखाली दगड लावला. लाकडं वाहणाऱ्या एका गाडीचे बैल सोडवून मोटार सपाटीला आणली.
वर पायवाटेवर पाटीवाल्या चारपाच बाया उभ्या होत्या. त्यांतली एक मला ओळखत असावी. बघत राहिली, मग खाली मान घालून चालू लागली.
उखावर ओरडलो. पेट्रोल विकतोस, पाणी घालतोस, काय वाटेल ते. त्याने फुंकलं, बसवलं, मोटार घराकडे वळवली. 

१२ डिसें., सोमवार.
उखा आला नाही.  सभेला सहाच दिवस उरले.

१३ डिसें., मंगळवार.
सकाळी बैलगाडी दाराशी. पुढे उखा, मागे अंबालालभाई, छत्री मिटून गुडघ्यांवर. उ. काल दिवसभर त्यांच्या केळीच्या मळ्यात जाऊन बसला होता म्हणे. कशासाठी आलो, हे त्यांना सांगायलाच त्याला संध्याकाळ लागली.
मला त्यांनी नमस्कार केला नाही. उखाला म्हणाले, चालव, अडखळेपर्यंत चालव. आम्ही तिघे निघालो. पाच मैल सुरळीत. मग ठसका. उ. उतरला, जेट काढला (सुईच्या नेढ्याएवढ्या भोकाची पितळी गोळी, पेट्रोल तिच्यातून जातं) आणि सवयीने ओठांशी नेला.
अंबालालभाईंनी त्याचा हात धरला. "फुकू नको. पहिले देख."
छत्री उघडली, काळ्या कापडावर जेट हलकेच आपटला. उन्हात तिरपा धरून पाहिला, मग एका काडीने टोचून पुन्हा आपटला. कापडावर पांढरा, केसापेक्षा बारीक तंतू पडला. कापसाचा. माझ्या सुताचा.
मला समजायला वेळ लागला, उखाला नाही. प्रत्येक वेळी तो फुंकायचा, तंतू उडून जायचा, गाडी चालायची, आणि पुरावा नाहीसा. पुढच्या डब्याबरोबर मी नवा तंतू घालायचो.
मोटारीबरोबर त्यांनी नरसाळ्यात बसवायचं मऊ कातडं दिलं होतं. कातड्याला तंतू सुटत नाही, पाणीही अडतं. मी पहिल्याच दिवशी ते फेकलं होतं. घरी येऊन पुस्तकातलं, पेट्रोल कातड्यातून गाळा असं सांगणारं पान काढलं. समासात माझंच अक्षर: "हिंसा. बदलावे."
अंबालालभाईंनी खिशातून दुसरं कातडं काढून उखाच्या हातात दिलं. मी बोलायला लागलो. पहिल्या वाक्यालाच त्यांनी हात वर केला.
"सभा मोठी व्हती, भाऊसाहेब. माफी घरमा मांगू नका."
गेले. छत्री मोटारीतच विसरले.

१५ डिसें., गुरुवार.
टाकी धुतली, नळी काढून धुतली. कातड्यातून गाळलं. तीस मैल, एक ठसका नाही. उ. शीळ घालतो. माझ्याशी बोलतो पण "भाऊ" म्हणत नाही. त्याचीही माफी मागितली. म्हणाला, बरं.
जन्मात कातड्याच्या चपला घातल्या नाहीत आणि आता त्या तुकड्यावर विसंबून वेठीविरुद्ध बोलायला निघालो आहे. याचा विचार करायला हवा. हे लिहिताना सुद्धा आधी भाषणच तयार होतं आहे.

१६ डिसें., शुक्रवार. सारंगखेडा.
बाजार मोडत आला आहे. दावणी रिकाम्या, लीद, चाऱ्याचे ढीग. मंडप उतरवलेला. खोक्यावर उभा राहिलो. पन्नासही माणसं नसतील, त्यांतली निम्मी जाताजाता थांबलेली. सांगितलं: मोटार निर्दोष होती. दोष माझ्या गाळण्यात होता. मी अंबालालभाईंवर खोटा आळ घेतला. एवढंच. मला याहून छोटं भाषण आठवत नाही.
टाळ्या नाहीत. कोणी तरी तंबाखू चोळत होतं. फेटेवाला म्हातारा घोडीचा लगाम धरून ऐकत होता. तिला गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. म्हणाला, "ज्यास्नी ऐकं, त्या ते गयात, भाऊ." त्याने काठीने दिशा दाखवल्या. माळव्याकडे, गुजरातकडे, नाशिककडे.
मळ्यावर गेलो. अंबालालभाई पाटाच्या पाण्यावर गेले होते. गड्याला विचारलं, कळलं का त्यांना? म्हणाला, काय? छत्री गड्याजवळ ठेवणार होतो. ठेवली नाही.

१८ डिसें., रविवार. घाटात.
काल साक्ष आटोपली. पहाटे निघालो. पहिला चढ, जिथे मेली होती तो, हसत चढली. दुसरा. तिसऱ्या वळणावर एक ठसका. एकच. उखाने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. नळीत राहिलेला जुना तंतू असेल, किंवा आम्हांला अजून न कळलेलं काही. सपाटी पाहून थांबवली. मडगार्डवर वही टेकवून लिहितो आहे.
वरच्या पायवाटेने माणसं चालली आहेत, धडगावकडे. पाठीला भाकरीची गाठोडी. काही जण थांबून आमच्याकडे बघतात. वेस्ता त्यांत आहे की नाही, इतक्या लांबून कळत नाही.
उ. ने जेट काढला. हातात धरून म्हणाला, "भाऊ, फुकू का? लगेच चालू व्हयी."
म्हणालो, नको. आधी बघू.
अंबालालभाईंची छत्री उघडून मी धरली आहे. जेट तिरपा धरून बघायला लागतं ते ऊन अजून डोंगराच्या या अंगाला उतरलेलं नाही.