आमच्या गल्लीचं तापमान

४ मे

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रातलं अर्धं पान मी बारीक झालेय का यावरच होतं. झालेले नाही, ऑफिसातली खुर्ची तसं होऊ देत नाही.

बातमी अशी की आपल्या शहराच्या नव्या आराखड्यात आमच्या इथल्या नगररचना ऑफिसाने पहिल्यांदाच गल्लोगल्ली तापमापक पेट्या लावून तिथलं तापमान विचारात घेतलं. आजवर विमानतळावरचा एकच आकडा साऱ्या शहराचा धरायचे, म्हणजे एकाची नाडी बघून घरादाराला औषध. आता जी गल्ली जास्त तापते, तिच्या लगतची मोकळी जागा झाडांसाठी राखायची, तिथे बांधकाम नाही. हा नियम मीच मांडला.

आणि गंमत बघ, आपलीच गल्ली थंड निघाली. मलाही खरं वाटेना. दादाला फोन केला, तर म्हणाला की समोरच्या गोदामाची भिंत पडल्यापासून वारा खेळतो. बैठकीत एकदोघांनी शंका काढली. मी ठासून सांगितलं की गच्चीवरची पेटी माझ्या सख्ख्या भावाने सांभाळलीये, आकडा चुकायचा नाही. मग गल्लीच्या टोकाचं मैदान राखीव जागांतून सुटलं. तिथे टॉवर येईल. जिवावर आलं, पण आपल्या घरासाठी नियम वाकवला असता तर लोकांना कुठल्या तोंडाने सांगणार होते?

तब्येत जप. तुझी माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ठमी


११ मे

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

थंड? बाई गं, कुणाची गल्ली मोजलीस? इथे दुपारी नळाचं पाणी हाताला चटका देतं. परवा शिंपीकाकांना कापड बेततानाच भोवळ आली. दवाखान्याने मला नर्सच्या कामातून निवृत्त केलं, गल्लीने नाही. त्यांना आपल्या बाहेरच्या खोलीत निजवलं, मानेला ओली फडकी लावली, तेव्हा कुठे डोळे उघडले. गोदामाची भिंत तर जिथल्या तिथे उभी आहे. दादाच्या मनात दुसरंच कुठलं गोदाम असेल.

तुझ्या पेटीची मात्र काळजी नको. दादा तिला तळहातावरच्या फोडासारखी जपतो. थंडी सरताच त्याने ती गच्चीवरून काढून जिन्यामागच्या बोळात, पाण्याच्या टाकीला लागून बसवली. उन्हाने खराब होईल, खाली घे, असं तूच कळवलं होतंस म्हणे. तिथे अगदी गार असतं.

जेवणात हयगय करू नकोस. फोनवर मला धड ऐकू येत नाही, तेव्हा पत्राचा आळस करायचा नाही.

तुझी,
आत्या


१६ मे

दादास,
नमस्कार.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. पेटी बोळात आहे हे मला आत्याकडून कळलं. तिला वाटतं ती माझ्याच सांगण्यावरून हलवली. मी असं काही कळवलं नव्हतं. भिंतही पडलेली नाही.

तुझ्या शब्दावर मी सगळ्यांसमोर उभी राहिले. का केलंस, एवढंच सांग.

ठमी


२१ मे

चि. ठमीस,
आशीर्वाद.

राईचा पर्वत करू नकोस. मैदानावरच्या टॉवरच्या सगळ्या फरश्या आपल्या दुकानातून जाणार आहेत. बिल्डरने एवढंच विचारलं की पेटी सावलीत ठेवली तर काय बिघडतं. मी ठेवली. आकड्याला हात लावला नाही. टाकीजवळ जेवढं गार होतं तेवढंच पेटीने सांगितलं.

तू गेल्यापासून घर, दुकान, आत्याचं दुखणंखुपणं मीच बघतोय. तू आलीस तीही पेटी लावायला. मैदानाचा एवढा कळवळा असेल तर इथे येऊन राहा.

आणि साहेबांना सांगण्याआधी विचार कर. पेटी भावाकडे आहे, आकडा पक्का आहे, असं तूच म्हणालीस. लोक तुलाच सामील धरतील. आत्याला यातलं काही कळवू नकोस, तिला सोसणार नाही. झालं गेलं विसर, मनात अढी ठेवू नकोस.

तुझा,
दादा


९ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

दादाचं पत्र सोबत जोडलंय. तो नको म्हणाला, तरी तुझ्यापासून लपवणं मला जमणार नाही.

मी साहेबांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, आपल्या गल्लीचा आकडा रद्द होईल, मैदान पुन्हा राखीव होईल. झालं भलतंच. एक पेटी हलवता येते तर बाकीच्यांचा काय भरवसा, असं म्हणून त्यांनी साऱ्या पेट्याच बाद केल्या. ज्या गल्ल्यांनी प्रामाणिकपणे आकडे दिले, त्यांच्या झाडांच्या जागाही गेल्या. पुन्हा विमानतळाचं तापमान. मला आराखड्याच्या कामातून काढून जुन्या फायलींवर बसवलंय. जाता-येता कुणी डोळ्याला डोळा भिडवत नाही.

दादाला माझा स्वभाव पक्का ठाऊक होता, आत्या. मी त्याच्यावर संशय घेणार नाही, हे त्याने आधीच गृहीत धरलं होतं. मला लागलं ते तेच.

तू तरी रागावू नकोस.

तुझी,
ठमी


१७ जून

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

दादाचं पत्र वाचलं आणि त्याच्याच पुढ्यात ठेवलं. तो म्हणाला की फरश्यांचं काम घरासाठीच धरलं होतं. मी त्याला सांगितलं, शिंपीकाकांकडे जाऊन हेच बोलून ये. गेला नाही. मैदानाला पत्रे ठोकून झालेत.

मला एकच गोष्ट डाचते. ऊन चढलं की तो दुकानातून मुद्दाम घरी यायचा, मला हाताला धरून त्या बोळात न्यायचा, खुर्ची मांडून द्यायचा. आत्या, इथे बस, म्हणायचा, घरातला उकाडा तुला सोसायचा नाही. बाहेर किती तापतं ते त्याला रोज कळत होतं. मी शेजारणींना कौतुकाने सांगायचे की पोटचा नसून किती करतो. करतही असेल मनापासून. पण आता ते खरं धरावं की नाही, हे मला या वयात उमगेनासं झालंय.

त्याला मी घराबाहेर काढलेलं नाही. ताट वाढते, बोलत नाही. तू मात्र ये, काही कामाशिवाय ये. माझा जीव तुझ्यात आहे, तो तसाच राहू दे.

तुझी,
आत्या