देवी काढण्याबद्दल देवाचं मत

मालवण, ता. १४ फेब्रुवारी १९६३

तीर्थस्वरूप सुभद्राताईस, धाकट्या भावाचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तुझे गुडघे आणि भाऊजींचा खोकला कुडाळच्या हवेत कसे आहेत? आम्ही सर्व बरे आहोत. (हे लिहून थबकलो, कारण मी बरा नाही.)

ताई, मी अजून हबकलेलाच आहे. डिसेंबरात शाळेत परिपत्रक आलं : देवी काढल्याचा (लस टोचल्याचा) दाखला नसलेल्या माणसाला मार्चच्या पहिल्या तारखेपासून कामावर ठेवू नये. हेडमास्तर म्हणून मी सगळ्यांना समजावलं. (की दरडावलं? अजून ठरत नाही.) आमच्या शिक्षिका जेसिंताबाईंनी लगेच बाही वर केली. शिपाई गंगाराम मात्र अडून बसला. "पगार सरकार देता म्हणान हात काय सरकारचो झालो?" बंदरावर, बाजारात, सगळे त्याच्याच बाजूने. मलाही थोडं पटलं, आणि तेच वाईट. अठरा वर्षं घंटा देणाऱ्या माणसाला काढायचं कसं? शेवटी तोच म्हणाला, "मास्तरानू, देवाक इचारूया. देव नको म्हणालो तर माका खुशाल काढा."

मी शास्त्र शिकवतो, तरी देवळात गेलो. गुरवाने पाषाणाला भिजवलेले तांदूळ चिकटवले (उजवीकडचा दाणा आधी पडला तर होकार) आणि गाऱ्हाणं घातलं, "ह्या लेकरान देवी काढून घेवची आसत तर उजवो कौल दी रे म्हाराजा!" मागून सगळे, "व्हय म्हाराजा!" त्यात एक आवाज माझा होता, हे मला मागाहून उमगलं. कौल उजवा पडला! दुपारपर्यंत गंगारामसकट अख्खी वाडी दवाखान्यापुढे रांगेत. माझ्या दोन महिन्यांच्या व्याख्यानांनी जे झालं नाही, ते एका दाण्याने केलं.

एवढंच कळवायचं होतं. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
गुरुदास

ता. क. : डॉक्टरांनी माझाही दंड तपासला. खूण नाही! लहानपणी माझ्या देवी काढल्या होत्या, असं मी सर्वांना छातीठोक सांगत होतो. खरंच काढल्या होत्या का गं?

ता. क. २ : चव्वेचाळिसाव्या वर्षी देवी काढल्यावर येणारा ताप झेपेल का, या धास्तीने काल एकटाच जाऊन कौल लावला. (माझं मलाच हे खरं वाटत नाही.) डावा पडला. गुरवाने ते गावभर केलं. आज गंगाराम म्हणतो, "मास्तरानू, पयल्या तारखेक शाळेत येव नकात. नियम म्हणजे नियम." तेव्हा तुमच्या कुडाळच्या देवाला माझं नाव न घेता विचार. उजवा पडला तर तार कर. डावा पडला तर पुन्हा लाव.