शुक्रवारची किल्ली

आई,

तुला जाऊन बारा वर्षं झाली आणि वखार अजून चालते आहे. हे आधी सांगतो, कारण तू असतीस तर आधी तेच विचारलं असतंस. निपाणीत लोक आपल्या यहुदी घराला शनवारतेलीच म्हणत राहिले, शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली. घाणे कधीच कोकणात राहिले, इथं आपण तंबाखूवाले झालो, पण शनिवार सुटला नाही. बाबांमागं तू वखार हातात घेतलीस तेव्हा पेठेत कुजबुज झाली. बाईमाणूस, त्यात आठवड्यातून एक दिवस कामाला न शिवणारी, हिचं कितीसं टिकणार!

शुक्रवारी ऊन कललं की तू सगळ्या बायकांसमोर कोठाराची किल्ली आक्काच्या हातात ठेवायचीस. आक्का पानं निवडणाऱ्या बायकांची मुकादम, कोगनोळीहून चालत यायची. "उद्या दिवं लागंपर्यंत हिचा शब्द त्यो माझा," एवढंच म्हणायचीस. मी एकदा हसलो, तर आपल्या धर्मग्रंथातली, तोरातली गोष्ट सांगितलीस. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे निवाडे करत बसलेला, आणि सासरा त्याला म्हणतो, हे बरं नव्हे, तूही थकशील आणि हे लोकही. भरवशाची माणसं नेम. "एवढा मोठा मोशे, त्यानंबी ऐकलं. तू कोण लागून गेलास रं?" मी मान डोलावली. शिकलो काहीच नाही.

मग मावशीच्या आजारपणात तू लोंढ्याला गेलीस आणि पहिल्याच शुक्रवारी मी किल्ली आक्काला न देता घरी आणून खिळ्याला अडकवली. शनिवारची दुपार आहे. प्रार्थना करून मी ओसरीवर बसलोय, आणि आक्का घामानं निथळत दारात उभी आहे. "मालक, आतली पानांची थप्पी तापलीया. खिडकीतनं वास याय लागलाय. किल्ली द्या, फिरवून घेतो आमी." मी म्हणालो, "शब्बाथ आहे. सांजच्याला बघू." खरं तर धर्म कुठंच आड येत नव्हता. खिळ्यावरची किल्ली तिनंच काढून घेतली असती. पण माझ्यावाचून अडतंय, हे मला गोड लागलं. संध्याकाळी थप्पी उपसली, तर पानं काळी पडलेली, हात लावताच भुगा.

तू परत आलीस आणि विचारलंस, "आक्का काय करत हुती?" मी म्हणालो, किल्ली मागायला ती आलीच नाही माझ्याकडे.

तू तिला बोलावलंस. "भरवसा टाकला हुता गं तुझ्यावर." आक्कानं एकदा माझ्याकडे पाहिलं. "तुमचा ल्योक सांगतोय न्हवं मालकीणबाई, मग तसंच आसंल," म्हणाली आणि शेवटच्या रांगेत जाऊन पानं निवडायला बसली. मुकादमी गेली. दोन वर्षांनी तू गेलीस, तेही तिच्यावर नाराज राहूनच.

आता दर शुक्रवारी मी किल्ली दुसऱ्याच्या हातात देतो. माणसं कशी सांभाळता, म्हणून नवे वखारवाले मला विचारायला येतात, आणि मी त्यांना मोशेची गोष्ट सांगतो. तुझं नाव घेऊन सांगतो. किल्ली हात बदलते तेव्हा शेवटच्या रांगेतली आक्का पानांवर आणखी वाकते. लाज वाटते, आई. माणसाशी केलेला गुन्हा देव माफ करत नाही, त्याच माणसाकडे जावं लागतं, हे क्षमा मागायच्या मोठ्या उपासाच्या दिवशी तूच दरवर्षी सांगायचीस.

हे पत्र कुठं धाडायचं नाही, हे मला पहिल्या ओळीपासून ठाऊक होतं. तुला सांगणं सोपं आहे, तू उलटून काही विचारणार नाहीस. आक्का इथून वीस पावलांवर बसली आहे. एवढं सगळं लिहून झालं, पण मी अजून उठलेलो नाही.